झाकली मूठ आणि वैशाखाचे ऊन



अठरा उन्हाळे मी कंबरेला परवान्याचे रिव्हॉल्व्हर बांधून रावेर-यावलच्या केळीबागांतून हिंडलो. चकमकीच्या गोष्टी ऐकायला कोणी सरसावून बसला असेल, तर त्याची निराशा होईल. त्या अठरा वर्षांत ते हत्यार मला एकदाही बाहेर काढावे लागले नाही. पण ते अंगावर बाळगायचे कसे, आणि तेही अंगावरचा सदरासुद्धा नकोसा होतो अशा वैशाखात, याबद्दल मात्र बोलण्यासारखे पुष्कळ आहे.

हा विषय आपल्या साप्ताहिकात कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण जरा आजूबाजूला पाहा. कोकणातल्या कित्येक घरांत रानडुकरांपासून भातशेती राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक असते. कोणाचा मुलगा फौजेतून निवृत्त होऊन बँकेच्या पैशाच्या गाडीवर पहारेकरी झालेला असतो. आणि अलीकडे रस्त्यात जमीन गेली, मोबदला हातात आला, की गाडी घेण्याच्या पाठोपाठ परवान्याचा अर्ज करण्याचा विचार काही तरुणांच्या मनात येतो. त्या सगळ्यांसाठी आणि मुख्यतः त्यांच्या घरच्या माणसांसाठी हे चार शब्द.

मी केळीचा व्यापार करणाऱ्या एका पेढीवर दिवाणजी होतो. केळीला उन्हाळ्याची सुटी नसते. भुसावळ-रावेरकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला तरी घड कापायचेच असतात, कापणारी टोळी बागेत असते, ट्रक बांधावर उभा असतो. आठवड्याच्या बाजाराच्या आदल्या दिवशी टोळीचे, हमालांचे, गाडीवाल्यांचे पैसे रोख द्यावे लागत. तालुक्याच्या बँकेतून रक्कम घ्यायची आणि तापीकाठच्या पाच-सहा गावांत वाटत जायची, हे माझे काम. एका वर्षी दुसऱ्या एका पेढीच्या माणसाला रस्त्यात अडवून पिशवी नेली. तेव्हा शेठजींच्या आग्रहाने मी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, पोलिसांची चौकशी झाली, आणि १९९८ साली परवाना हातात आला. हत्यार होते कानपूरच्या सरकारी कारखान्यातले बत्तीस बोअरचे. काडतुसांसह वजन पाऊण किलोच्या आसपास.

पाऊण किलो म्हणजे काय मोठेसे, असे वाटते. विळा-कोयता घेऊन दिवसभर राबणारे आपण लोक. पण कोयता हातात असतो आणि काम झाले की खाली ठेवता येतो. हे पाऊण किलो एकाच जागी, एकाच हाडावर, सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत लटकलेले असते, आणि ते खाली ठेवता येत नाही. मला जे सांगायचे आहे त्याचे मूळ इथेच आहे. हत्याराचा त्रास होऊ लागला, की माणूस ते काढून ठेवतो. जेवायला बसताना कोनाड्यात ठेवतो, झोपाळ्यावर ठेवतो, सदऱ्याबरोबर खुंटीला टांगतो, मोटारसायकलच्या डिकीत टाकतो. आणि काढून ठेवलेले हत्यार हेच सगळ्यांत मोठे भय. म्हणून उन्हात ते सुखाने अंगावर राहील अशी व्यवस्था करणे ही चैन नाही. ती सुरक्षिततेची पहिली पायरी आहे.

पहिली गोष्ट पट्ट्याची. पायजम्याची नाडी किंवा धोतराची गाठ हे वजन पेलत नाही. दुपारपर्यंत सगळे खाली सरकते, आणि मग माणूस दर दहा पावलांवर कंबर वर ओढत चालतो. चार लोकांना लगेच कळते की याच्या कंबरेला काहीतरी आहे. रुंद, जाड, ताठ चामडी पट्टा हवा. पट्टा ताठ असला की वजन सगळ्या कंबरेवर विभागते, आणि तो फार आवळावाही लागत नाही. उन्हाळ्यात आवळलेला पट्टा म्हणजे घामोळ्यांना आमंत्रण.

दुसरी गोष्ट जागेची. माझ्या अनुभवाने उजव्या कुल्ल्याच्या हाडाच्या किंचित मागे, ही जागा बरी. पोटावर बांधले तर वाकताना, एस.टी.च्या बाकावर बसताना नळी मांडीत रुतते. पाठीच्या मधोमध बांधणारेही पाहिले. पण मोटारसायकलवरून पडलो तर मणक्याखाली लोखंड येईल, याचा विचार ते करत नाहीत. काखेत बांधायचे तर वरून कोट हवा, आणि आपल्याकडे मे महिन्यात कोट घालणाऱ्याकडे लोक तसेही वळून पाहणार. खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर तर कधीच नाही. पिशवीतही नको. पिशवी आपण खाली ठेवतो, विसरतो, दुसऱ्याच्या हातात देतो.

तिसरी गोष्ट होल्स्टरची, म्हणजे त्याच्या चामडी म्यानाची. दुकानात मिळालेल्या म्यानात रिव्हॉल्व्हरची मूठ आणि घोडा सरळ उघड्या अंगाला लागत असे. संध्याकाळी पाहावे तर कंबरेवर लाल वण आणि लोखंडावर घामाचे थेंब. मग बाजारात चपला शिवणाऱ्या एका जुन्या कारागिराकडून मी म्यान करून घेतले. अंगाकडच्या बाजूला चामड्याची जीभ चार बोटे वर ठेवली, त्यामुळे लोखंड आणि कातडी यांच्या मध्ये नेहमी चामडे राहिले. चाप पूर्ण झाकला जाईल आणि वरून बंद लागेल, एवढे मी मुद्दाम सांगितले होते. चाप उघडा राहणारे म्यान कितीही हलके आणि हवेशीर असले तरी घेऊ नये. अशी दोन म्याने मी करून घेतली. आज एक, उद्या दुसरे. घामेजलेले म्यान सावलीत वाऱ्यावर वाळवायचे. उन्हात ठेवले तर चामडे तडकते.

आता कपडे. हे खाते आमच्या सौ.चे. पांढऱ्या मलमलीचा सदरा उन्हाळ्यात छान वाटतो, पण घामाने तो अंगाला चिकटला की आतली वस्तू चित्रासारखी उमटते. टेरिलीनचा कपडा तर हवा आत येऊच देत नाही. तिने फिकट रंगाच्या जाडसर खादीचे, अंगापेक्षा चांगले दोन बोटे सैल आणि मांडीपर्यंत लांब असे सदरे शिवले. ते खोचायचे नाहीत, मोकळेच सोडायचे. सैल कपड्यातून वारा खेळतो, आणि झाकलेलेही राहते. आत सुती लांब बनियन, म्हणजे चामडे थेट कातडीला लागत नाही. दुसरे कोरडे बनियन पिशवीत असे आणि दुपारी मी ते बदलत असे. एवढ्या साध्या गोष्टीने निम्मा त्रास कमी झाला. तरी एक अडचण राहिली. मोटारसायकलवर लू लागली की सदऱ्याचा घेर उडायचा. तिने खालच्या दुमडीत जाड कापडाची दुपदरी पट्टी घातली. घेर जड झाला, उडायचा थांबला. बाहेरच्या जगाला त्या सदऱ्यात वेगळे काही दिसले नाही.

घाम आणि लोखंड यांचे वैर तर तुम्हाला सांगायला नकोच. विळ्याला, पंपाच्या नटांना आपण ते पाहतोच. घामात मीठ असते. दोन दिवस दुर्लक्ष केले की रिव्हॉल्व्हरच्या काळसर मुलाम्यावर तांबूस ठिपके येतात. रोज रात्री ते रिकामे करून, कोरड्या फडक्याने पुसून, मग बंदुकीच्या तेलाचा नुसता हात फिरवावा. खोबरेल किंवा गोडे तेल लावू नये, ते काही दिवसांनी चिकट होते. तेल फार ओतूही नये, त्यावर बागेतली धूळ बसते आणि ते काडतुसात मुरते. रात्री ते म्यानात ठेवू नये, कारण ओले चामडे लोखंडाला गंज चढवते. आणि काडतुसे चामड्याच्या पट्ट्यात महिनोन्‌महिने राहू देऊ नयेत. पितळेच्या भांड्यात ताक ठेवले की ते जसे कळकते, तशी काडतुसे चामड्यात हिरवी पडतात.

अंगाची काळजीही तेवढीच. घरी आल्यावर पट्ट्याची जागा थंड पाण्याने धुऊन अगदी कोरडी करावी. घामोळ्यांवर तुपट मलम चोपडू नये, त्याने ती वाढतात. कंबरेला गोल लाल चकंदळे उठून खाज सुटली तर ते गजकर्ण असू शकते. दुकानातून मनाने मलम आणण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे.

इथपर्यंत झाला कापडाचा आणि कातड्याचा विचार. खरी परीक्षा पुढे आहे.

२००३ सालच्या वैशाखातली गोष्ट. दुसऱ्या पेढीवरचे एक वडीलधारे गृहस्थ माझ्यासारखेच पैसे वाटायला जात. त्यांच्याकडेही परवान्याचे हत्यार होते. भर दुपारी एस.टी.च्या थांब्यावर ते उभे होते, आणि उभ्याउभ्याच कोसळले. ऊन लागले होते. आपले लोक देवमाणसे. चार जण धावले, त्यांना निंबाच्या सावलीत आडवे केले, कोणी पाणी मारले, कोणी सदऱ्याच्या गुंड्या सोडल्या. हे सगळे बरोबरच होते, ऊन लागलेल्या माणसाला असेच करावे. मग कोणीतरी पट्टा सोडला, आणि म्यानासकट रिव्हॉल्व्हर धुळीत पडले. मी रस्त्याच्या पलीकडून धावत येत होतो. सात-आठ वर्षांचा एक पोरगा माझ्या आधी तिथे पोचला होता आणि खाली वाकला होता.

काकड्या विकणारी एक म्हातारी बाजूला बसलेली होती. तिने आपली रिकामी टोपली त्या वस्तूवर पालथी घातली, वर हात ठेवला आणि ओरडली, "मागे सरा रे पोरांनो! खाली इच्चू हाये!" पोरे उड्या मारत मागे सरली. मी जवळ गेलो तर ती मलाही टोपली उचलू देईना. म्हणाली, "तू कोन रे भाऊ? मी तुले कशी वळखू? पोलीस आल्याबिगर मी हात काढत नाही." तिचेच बरोबर होते. ते हत्यार माझे नव्हते, माझ्या परवान्यावर नव्हते, मला त्याला हात लावण्याचा अधिकार नव्हता. हवालदार येईपर्यंत अर्धा तास ती म्हातारी उन्हात त्या टोपलीवर हात ठेवून बसली. त्या गृहस्थांना दवाखान्यात नेले आणि ते वाचले. त्या पोराला मात्र कळलेही नाही की टोपलीखाली काय होते.

तेव्हापासून मला पक्के कळले, की उन्हात हत्यार बाळगणाऱ्याने आधी स्वतःला सांभाळले पाहिजे. तो पडला तर हत्यार अनोळखी लोकांच्या हाती जाते. मी दुपारी बारा ते चार बँकेच्या गावातच थांबू लागलो. चोराच्या दृष्टीने ओसाड दुपार सोयीची, आणि उन्हाच्या दृष्टीनेही तीच वाईट. चारनंतर रस्त्यावर माणसे असतात, ऊनही उतरलेले असते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यायचे, दुपारी मीठ घातलेले ताक, डोक्याला ओला पंचा. अंगात कणकण असली, रात्री झोप झाली नसली, तर त्या दिवशी हत्यारही नाही आणि पैसेही नाहीत. सरळ शेठजींना सांगायचे, की आज दुसरी सोय करा. माझ्याबरोबर जो मुलगा येत असे त्यालाही सांगून ठेवले होते, की मला घेरी आली तर सावलीत ने, डोक्यावर पाणी मार, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नको, दवाखान्यात हलव. आणि माझ्या कंबरेजवळ कोणाला येऊ देऊ नको, पोलिसांना बोलाव.

ऊन आणखी एका ठिकाणी लागते, ते म्हणजे डोक्याला. मे महिन्यात आपण सगळेच चिडचिडे होतो. दारात भांडणे होतात, बांधावर होतात. २००९ साली वजनकाट्यावर एका तरुण शेतकऱ्याचा आणि आमच्या काटेवाल्याचा वाद पेटला. तो तरुण माझ्याकडे वळला आणि त्याने माझी गचांडी धरली. भोवती पंचवीस माणसे, सगळी उन्हाने तापलेली. मी दोन्ही हात समोरच्या हिशेबाच्या वहीवर पालथे ठेवले आणि तिथून हलवले नाहीत. ओरडलो नाही. तो थोड्या वेळाने दमला आणि त्याने सोडले. संध्याकाळी थंडाव्यात काटा तपासला, तर त्याचेच म्हणणे खरे निघाले. काट्यात फरक होता. आता विचार करा, माझा हात नुसता कंबरेकडे गेला असता तरी त्या गर्दीत काय झाले असते? आणि ज्याच्यावर ते ओढवले असते, तो माणूस खरा होता. कंबरेला हत्यार असणाऱ्याने चार शिव्या जास्त ऐकून घ्यायच्या असतात. ते ज्याला जमत नाही, त्याने परवाना घेऊ नये.

घरातही उन्हाळा वेगळा असतो. आपण सगळे अंगणात झोपतो, दारे सताड उघडी असतात. सुट्टीत भाचरे-पुतणे येतात, लग्नसराईचे पाहुणे येतात, पोरे कपाटे धुंडाळतात. म्हणून घरी आल्यावर पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी माझे पहिले काम ठरलेले असे. हत्यार रिकामे करायचे, ते लोखंडी कपाटात, काडतुसे वेगळ्या कुलपात, आणि दोन्ही किल्ल्या माझ्याच जानव्याला किंवा करगोट्याला. मुलांना मी ते कधी "बघा तरी" म्हणून दाखवले नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९५९ चा शस्त्र कायदा आजही लागू आहे आणि २०१६ साली त्याखालचे नवे नियम आले. त्यांत असे आहे, की सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर-पिस्तूल न्यायचे ते म्यानातच, पूर्ण झाकलेले आणि पूर्णपणे आपल्या ताब्यात असले पाहिजे. चारचौघांत ते परजणे किंवा उडवणे याला बंदी आहे. म्हणजे मी सांगितलेला सैल सदरा ही नुसती सोय नाही, नियमही तसाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली, आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येऊ लागली. लग्नाच्या वरातीत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्याच दुरुस्तीत आली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या मुठीच्या बाबतीत तर ती उघडण्याची किंमत खरोखरच लाखात आहे.

आता माझ्याकडे ते हत्यार नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि त्यानंतर आमच्या पेढीने टोळीचे पैसे बँकेच्या खात्यात टाकायला सुरुवात केली. आता तर हमालसुद्धा मोबाईलवर पैसे घेतो. वाहून न्यायला रोकडच उरली नाही. मी रीतसर कळवून ते परवानाधारक विक्रेत्याकडे देऊन टाकले. सौ.ने त्या सदऱ्यांच्या खालच्या जड पट्ट्या उसवून काढल्या. आता ते वाऱ्यावर उडतात, आणि मला ते बरे वाटते.

तुमच्यापैकी ज्यांना कामासाठी हत्यार बाळगणे भाग आहे, त्यांना माझ्या अनुभवाचा काही उपयोग झाला तर आनंदच आहे. पण ज्या तरुणांना नुसत्या रुबाबासाठी परवाना हवासा वाटतो, त्यांना एक बिनखर्चाचा उपाय सांगतो. अर्ज लिहिण्याआधी नदीतला पाऊण किलोचा एक गोटा आणा. तो फडक्यात बांधून पट्ट्याला उजव्या बाजूला अडकवा आणि चैत्र-वैशाख दोन महिने तसेच हिंडा. एस.टी.त, बागेत, लग्नाच्या पंगतीत, दुपारच्या झोपेतही. तो कोणाला दिसू द्यायचा नाही, कोणाला सांगायचे नाही, कोठे काढून ठेवायचा नाही, आणि कोणाशी भांडायचे नाही. ज्येष्ठ लागेपर्यंत हे जमले, तर खुशाल अर्ज करा. माझा अंदाज आहे, की बहुतेक जण अक्षय्य तृतीयेच्या आतच तो गोटा बांधावर टाकून देतील, आणि त्यांच्या घरची मंडळी सुखाची झोप घेतील.